वाफसा असेपर्यंत पेरा: जुन्या डावांतून पुढाकार आणि शेवट शिकण्याची रीत

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत हरून बाहेर आलेला पोट्टा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "जिंकत होतो न बाप्पा!" आणि ते खोटं नसतं. पंधराव्या चालीला त्याच्याकडे एक मोहरा जास्त असतो, समोरच्याचा राजा पटाच्या मधोमध उघडा असतो. चाळिसाव्या चालीला मात्र हात मिळवून, मान खाली घालून उठणारा तोच असतो. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, आणखी दहा चाली पाठ करून हे दुखणं बरं होत नाही. एक तर हातात आलेला पुढाकार त्यानं थंड होऊ दिला, नाही तर जिंकलेला डाव त्याला संपवता आला नाही. दोन्हींवरचं औषध जुन्या, नामांकित, शिकवणाऱ्या डावांत आहे. पण ते डाव मोबाइलवर भराभर सरकवून काही हाती लागत नाही. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी पुढाकार म्हणजे काय ते पाहू. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर लगेच वावरात गेलं तर पाय रुततो, आठवडाभर थांबलं तर ढेकळं होतात आणि तिफण चालत नाही. मधले मोजके दिवस वाफशाचे. पटावरचा पुढाकार असाच. तुमचे मोहरे बाहेर आलेत, त्याचे घरात झोपलेत, आणि तुमच्या प्रत्येक चालीला त्याला उत्तर द्यावंच लागतंय, तोवर वाफसा आहे. जास्तीचं प्यादं डाव संपेपर्यंत तुमचंच राहतं, पुढाकार तसा राहत नाही. समोरच्याला दोन-तीन मोकळ्या चाली मिळाल्या की तो मोहरे बाहेर काढतो, कॅसलिंग करतो, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेतो, आणि ओल उडून जाते. म्हणून पुढाकार असतानाच तो कशात तरी बदलून घ्यायचा: मात, मोहरा, प्यादं किंवा जिंकता येईल असा शेवट, म्हणजे थोडेच मोहरे उरलेला डावाचा अखेरचा टप्पा. यातलं काय मिळू शकतं ते ओळखायला शेवटाचं ज्ञान लागतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र शिकायच्या.

सामान आणि खुणा

गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लास्टिकचे मोहरे पुरतात. घर साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटरचं असावं. लहान चुंबकी पटावर नजर तयार होत नाही, कारण स्पर्धेत पट मोठा असतो आणि डोळ्यांना तिरपे पट्टे त्या मापाचेच सवयीचे व्हावे लागतात. उन्हाळ्यात ओसरीवर बसलात तर पटाच्या चार कोपऱ्यांवर खडे ठेवा, नाहीतर दुपारच्या एका झोताबरोबर अर्ध्या तासाचा विचार उडून जातो. याशिवाय दोनशे पानी वही, पेन्सिल आणि एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद लागेल. मोबाइल शेवटी, डाव तपासायला. लिचेस नावाचं संकेतस्थळ आणि ॲप पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि इथले सगळे डाव त्यावर सापडतात. नेट रोज मिळत नसेल तर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी डाव वहीत हातानं उतरवून घ्या. उतरवताना निम्मा डाव आपोआप डोक्यात जातो.

खुणा अशा: उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. अक्षर नसेल तर चाल प्याद्याची. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ! म्हणजे झकास चाल. कंसातलं अक्षर मोहरा कोणत्या पट्टीवरचा ते सांगतं, आणि आकड्यापुढे तीन टिंबं असली तर चाल काळ्याची.

झाकून खेळायची रीत

वहीत डाव उतरवला की चालींवर जाड कागद ठेवा आणि एकेक ओळ खाली सरकवत पटावर खेळत जा. जिंकणाऱ्याच्या बाजूनं बसायचं. पहिल्या पाच-सहा चाली तशाच खेळा. त्यानंतर जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल उघडण्याआधी आपली चाल पेन्सिलीनं लिहायची. मनात ठरवून चालत नाही, लिहायचीच. मनातली चाल उत्तर दिसताच बदलते आणि आपण स्वतःला शाबासकी देऊन मोकळे होतो.

लिहिण्याआधी पाहायचा क्रम ठरलेला आहे: आधी सगळे शह, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या. शह मूर्खासारखा दिसत असला तरी पाहायचा, द्यायचाच असं नाही. या तिन्हींत काही मिळालं नाही तर एकच प्रश्न विचारायचा: माझा सर्वांत आळशी मोहरा कोणता? साध्या चालीला दोन मिनिटं आणि डाव जिथं वळण घेतो तिथं पंधरा ते वीस मिनिटं द्या. चाल जुळली तर दोन गुण. जुळली नाही पण तुमची चाल का चालली नसती हे सांगता आलं तर एक गुण. नुसतंच चुकलं तर शून्य. यातला एक गुणच खरा शिकवतो.

एका डावाला एक आठवडा द्यायचा. पहिल्या दिवशी झाकून, दुसऱ्या दिवशी कारणं लिहून, मग दोन दिवस सोडून पाठीवरून, म्हणजे वही बंद ठेवून. शेवटी तो डाव दुसऱ्या कुणाला तरी पटावर मांडून समजवायचा. धाकट्या बहिणीला चालेल. "इथं हे का नाही मारलं?" असं तिनं विचारलं आणि तुम्ही अडलात, तर अडलात तिथलं तुम्हाला अजून कळलेलं नाही. वर्षात वीस डाव असे झाले तरी पुष्कळ. कापूस वेचणीच्या दिवसांत बसायला वेळ मिळत नसेल तर नवा डाव घेऊ नका, जुनाच पाठीवरून मांडा, त्याला दहा मिनिटं लागतात. लांब बैठकीचं काम एप्रिल-मेच्या दुपारींसाठी ठेवा, तसंही बाहेर पडवत नाही.

पहिला डाव: पॅरिस, १८५८

अमेरिकेचा पॉल मॉर्फी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पॅरिसच्या ऑपेरा थिएटरात, एका खासगी कक्षात, ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर यांनी आपापसांत सल्लामसलत करत त्याच्याविरुद्ध हा डाव खेळला. मॉर्फीकडे पांढरे मोहरे होते. समोरचे दोघे फारसे तयार खेळाडू नव्हते, आणि शिकणाऱ्याला तेच सोयीचं. पुढाकार शिकायला असा डाव घ्यावा ज्यात हरणाऱ्याची चूक उघड दिसते. दोन ग्रँडमास्टरांच्या डावात ती चूक सहाव्या पदराखाली दडलेली असते.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ उं-जी४ ४. डी×ई५ उं×एफ३ ५. व×एफ३ डी×ई५ ६. उं-सी४ घो-एफ६ ७. व-बी३ व-ई७

इथं थांबा. काळ्याला चौथ्या चालीला उंट देऊन घोडा का मारावा लागला? नुसतं डी×ई५ खेळला असता तर पांढरा वजिरांची अदलाबदल करून घोड्यानं ई५ चं प्यादं मारतो, फुकटात. म्हणजे तिसऱ्या चालीला बाहेर आलेला एकुलता मोहरा काळ्यानं दोन चाली खर्चून पटाबाहेर घालवला. पांढऱ्याचा वजीर मात्र त्याच धांदलीत बाहेर आला. सहाव्या चालीला एफ७ वर मातेची धमकी होती, सातव्या चालीला एफ७ आणि बी७ दोन्हींवर डोळा. व-ई७ नं एफ७ सांभाळलं खरं, पण त्या वजिरानं आपल्याच उंटाचं दार लावून घेतलं.

आता तुमची आठवी चाल लिहा. नव्वद टक्के पोरं व×बी७ लिहितील. चाल वाईट नाही, इंजिनही, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅमही, तिला वाईट म्हणणार नाही. मग काळा व-बी४+ देतो, वजिरांची अदलाबदल होते आणि पांढऱ्याला एक प्यादं वर असलेला लांब डाव मिळतो. मॉर्फी खेळला ८. घो-सी३. प्यादं सोडलं, आणखी एक मोहरा बाहेर काढला, आणि बी४ वरचा तो शहसुद्धा बिनकामाचा करून टाकला. या ठिकाणी वहीत दोन्ही रस्ते लिहून ठेवा. स्पर्धेत तुम्हाला कोणता झेपेल हे तुमच्या शेवटाच्या तयारीवर ठरेल. शेवट पक्का असेल तर प्यादं खाणंही योग्यच.

८...सी६ ९. उं-जी५ बी५

मोजा. पांढऱ्याचे चार मोहरे मैदानात: वजीर, दोन उंट, घोडा. काळ्याचे दोन, आणि त्यातला घोडा जी५ च्या उंटानं वजिराला बांधलेला, म्हणजे तो हलला की मागचा वजीर पडतो. आणि एवढ्या तंगीत काळा प्यादं ढकलून उंटाला हाकलतोय. उंट मागे घेतला तर काळ्याला घो-डी७ खेळायला श्वास मिळतो. इथं वाफसा निसटायची वेळ आहे.

१०. घो×बी५! सी×बी५ ११. उं×बी५+ घो(बी)-डी७ १२. वजिराकडे कॅसलिंग

घोडा दिला, दोन प्यादी घेतली. त्याहून मोठी कमाई म्हणजे काळ्याचे दोन्ही घोडे आता बांधले गेले: एक राजाला, एक वजिराला. बारावी चाल तर शंभरदा पाहावी अशी आहे. एकाच चालीत राजा आडोशाला गेला आणि हत्ती डी पट्टीवर, थेट बांधलेल्या घोड्यासमोर उभा राहिला. एका चालीत दोन कामं झाली की समोरचा एक चाल मागे पडतो. पुढाकार टिकवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन हेच.

१२...ह-डी८ १३. ह×डी७! ह×डी७ १४. ह-डी१

हत्ती घोड्याला का दिला? दुसरा हत्ती अजून एच१ वर झोपलेला होता म्हणून. दोन्ही हत्ती एका पट्टीवर आणायला दोन चाली लागल्या असत्या, तेवढ्यात काळ्यानं वजीर सरकवून गाठ सोडवली असती. मॉर्फीनं पुढचा हत्ती खर्च केला आणि त्याच्या जागी मागचा एका चालीत, पुन्हा धमकी घेऊन आणला. "मोहरा वाया घालवला" आणि "मोहरा खर्च केला" यातला फरक इथं दिसतो. खर्चाच्या बदल्यात पुढचा मोहरा लगेच कामाला लागला पाहिजे.

१४...व-ई६ १५. उं×डी७+ घो×डी७ १६. व-बी८+! घो×बी८ १७. ह-डी८ मात.

पटाकडे पाहा. काळ्याकडे अजून वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं आहे. पांढऱ्याकडे एक हत्ती आणि एक उंट. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डावभर जागचे हललेले नाहीत. सोळावी चाल शोधायला प्रतिभा लागते असं वाटतं, पण आधी शह पाहायची सवय असली की ती यादीत आपोआप येते. व-बी८ हा तिथे उपलब्ध शहच आहे.

पोरांची नेहमीची चूक: हा डाव पाहिला की आठवडाभर प्रत्येक डावात वजीर फेकतात. त्यांना मोजायला लावा. त्यागाच्या चालीआधी आपले मैदानातले मोहरे आणि त्याचे मैदानातले मोहरे, दोन आकडे वहीत. निदान दोनचा फरक नसेल आणि त्याचा राजा कॅसलिंग करून बसला असेल, तर त्याग बहुधा फसतो.

शेवट: आधी साध्या माता

डावांतून शेवट शिकण्याआधी चार गोष्टी हाताला झोपेतसुद्धा आल्या पाहिजेत. त्याशिवाय मोठ्यांचे शेवट म्हणजे परक्या गावचा बाजार.

वजीर-राजा विरुद्ध एकटा राजा. कुठूनही दहा चालींच्या आत मात होते. सोपी रीत: वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या उडीवर ठेवा. तो जिकडे सरकेल तिकडे वजीर तसाच सरकवा. शह द्यायचाच नाही. राजा आपोआप कडेला जातो. आता सावध राहा. राजा कोपऱ्यात, समजा एच८ वर गेला आणि वजीर सवयीनं एफ७ वर आला, तर त्याला चालही नाही आणि शहही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. शालेय स्पर्धांत अर्धे गुण सर्वांत जास्त याच घरात सांडतात. राजा कडेला लागला की वजिराची नक्कल थांबवा, वजीर त्याला कडेवर कोंडून उभा ठेवा आणि आपला राजा चालत आणा.

हत्ती-राजा विरुद्ध राजा. यात जास्तीत जास्त सोळा चाली लागतात. हत्तीनं भिंत घालायची, राजानं पुढे यायचं, आणि दोन्ही राजे एक घर सोडून समोरासमोर आले की हत्तीनं कडेनं शह द्यायचा. अडतं कुठं, तर एक फुकटची चाल हवी असते तिथं. मांडा: पांढरा राजा ई६, हत्ती ए७, काळा राजा एफ८. चाल पांढऱ्याची. शह दिलात तर राजा पळतो. खेळा १. ह-बी७. काही केलं नाही, फक्त चाल ढकलली. आता काळा ई८ वर आला तर २. ह-बी८ मात. जी८ ला गेला तर २. रा-एफ६ रा-एच८ ३. रा-जी६ रा-जी८ ४. ह-बी८ मात. ही "काही न करणारी" चाल अंगात मुरली पाहिजे. दोन मिनिटांच्या घड्याळात सलग दहा वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

राजा-प्यादं विरुद्ध राजा. राजा प्याद्याच्या पुढे हवा, मागे नाही. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. तेच प्यादं ई६ वर आणि राजा डी६ वर असेल तर एक खूण लक्षात ठेवा: प्यादं सातव्या ओळीवर शह न देता गेलं तर जिंकलं, शह देत गेलं तर बरोबरी. कडेच्या पट्टीवरच्या प्याद्याला, म्हणजे ए किंवा एच, हे नियम लागत नाहीत. बचावाचा राजा कोपऱ्यात पोचला की तिथून हलत नाही.

चौथी गोष्ट हत्तींच्या शेवटातला पूल. मांडा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती ई१, काळा राजा डी७, हत्ती एच२. राजा बाहेर काढला की काळा हत्ती मागून शहांचा पाऊस पाडतो. म्हणून आधी १. ह-ई४!. काळा वाट पाहतो, १...ह-एच१. २. रा-एफ७ ह-एफ१+ ३. रा-जी६ ह-जी१+ ४. रा-एफ६ ह-एफ१+ ५. रा-जी५ ह-जी१+ ६. ह-जी४. पूल झाला, शह संपले, प्यादं वजीर होणार. हत्ती चौथ्याच ओळीवर का? राजा पाचव्या ओळीपर्यंत उतरतो आणि तिथं हत्ती त्याच्या पायाशी हवा असतो. कारण एकदा कळलं की पाठांतर लागत नाही.

दुसरा डाव: न्यूयॉर्क, १९२४

तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर. हा डाव पस्तिसाव्या चालीपासून घ्या. मांडणी: पांढरा राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. प्यादी पाच-पाच. चाल पांढऱ्याची आणि सी३ चं प्यादं पडणार आहे. वीस मिनिटं घ्या, तीन चाली लिहा.

जवळपास सगळे ह-एच३ लिहितात, सी३ वाचवायला. त्यानं प्यादं वाचत नाही, कारण एफ३ वरचा आपलाच राजा हत्तीच्या वाटेत उभा आहे, आणि सातव्या ओळीवर बसून काळ्या राजाला डांबून ठेवणारा हत्ती मात्र तिथून उठतो. आता तो ठरलेला प्रश्न विचारा: आळशी मोहरा कोणता? राजा.

३५. रा-जी३! ह×सी३+ ३६. रा-एच४ ह-एफ३ ३७. जी६ ह×एफ४+ ३८. रा-जी५ ह-ई४ ३९. रा-एफ६!

दोन प्यादी गेली आणि पांढरा जिंकतोय. हत्ती एच८ वर गेला की मात आहे. एकोणचाळिसावी चाल बारकाईनं पाहा. राजाला एफ५ चं प्यादं मारता येत होतं. मारलं नाही, कारण तेच काळं प्यादं त्याच्या डोक्यावरची छत्री आहे: ते आहे तोवर काळ्या हत्तीला एफ पट्टीवरून शह देता येत नाही. शत्रूचं प्यादं मारण्यापेक्षा त्याच्या आड उभं राहणं कधी कधी फायद्याचं, ही गोष्ट नियमांच्या यादीत वाचून कळत नाही, इथं पटावर दिसते.

३९...रा-जी८ ४०. ह-जी७+ रा-एच८ ४१. ह×सी७ ह-ई८ ४२. रा×एफ५

आता मारलं, काम झाल्यावर. प्यादी पुन्हा तीन-तीन. पुढे ४२...ह-ई४ ४३. रा-एफ६ ह-एफ४+ ४४. रा-ई५ ह-जी४ ४५. जी७+ रा-जी८ ४६. ह×ए७ ह-जी१ ४७. रा×डी५, आणि बावन्नाव्या चालीला काळ्यानं डाव सोडला.

म्हणजे पुढाकार शेवटातही असतो, फक्त तिथं तो राजा चालवतो. वजीर पटावरून गेले की राजाला लपवायचं कारण संपलं. गावातल्या डावांत राजा साठाव्या चालीलाही जी१ वर बसलेला सापडतो, कॅसलिंग केल्यापासून तिथंच.

या मांडणीवर एक व्यायाम: मित्राला काळे मोहरे द्या, तीन डाव खेळा, मग बाजू बदलून तीन. पांढऱ्यानं सहाही जिंकायलाच हवेत असं नाही. पण कोणत्या चालीला निसटलं ते दोघांनी मिळून शोधायचं, आणि त्यानंतरच इंजिन लावायचं. इंजिनचा आकडा आधी पाहिला की डोकं बंद होतं. त्याला विचारायचे प्रश्न दोनच: मी लिहिलेली चाल का पडली, आणि हरणाऱ्याला वाचायला शेवटची संधी कुठं होती.

पुढचे डाव

पुढाकारासाठी रॉटलेवी विरुद्ध रुबिन्स्टाइन, लोझ, १९०७, काळ्या बाजूनं बसून. त्याच्याच शेजारी आरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झी, २०१३ ठेवा. आनंदनं काळ्या मोहऱ्यांनी तेवीस चालींत संपवलेला हा डाव रुबिन्स्टाइनच्या डावाची आठवण करून देतो, उंटांचे तेच तिरपे मारे. शेवटासाठी अलेखाइन विरुद्ध कापाब्लांका, १९२७ च्या विश्वविजेतेपद लढतीतला चौतिसावा डाव. ब्याऐंशी चाली आहेत. एका कडेच्या मोकळ्या प्याद्यानं शत्रूला तिकडे गुंतवायचं आणि घाव दुसऱ्या टोकाला घालायचा, हे त्यात दिसतं. याला एक आठवडा पुरणार नाही, दोन घ्या. जवळचं उदाहरण हवं असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे २०२५ च्या बाटुमीतल्या महिला विश्वचषकातले डाव. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळाचे, डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, लागला. घड्याळ पळत असताना शेवट कसा खेळतात, ते पाहायला ते रॅपिड डाव काढा.

पारावरच्या म्हाताऱ्यांशी खेळणं सोडू नका. त्यांच्या देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे डाव सावकाश उघडतो आणि प्याद्यांची, राजाची समज चांगली लागते. मीर सुलतान खान याच देशी खेळातून वर आला, १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला आणि पुढे हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकालाही हरवलं. प्याद्यानं मात देण्याचा आपल्याकडचा जुना शौकही वाया जात नाही, प्याद्याला जपायची सवय त्यातून लागते. एवढंच सांभाळा की देशी खेळात प्यादं ज्या पट्टीवर पोचतं त्या पट्टीचा मोहरा होतं, स्पर्धेत तसं नाही. तिथं वजीर, हत्ती, उंट, घोडा यातलं हवं ते घ्या.

जिंकत असताना घड्याळ

शालेय स्पर्धेत, मग वयोगट १४, १७ की १९ वर्षांखालचा असो, डाव हातातून जातो तो बहुधा मोहरा जिंकल्यानंतरच्या पाच चालींत. पोरगा खूश होतो आणि हात आपोआप पळू लागतो. उपाय साधा आहे: मोहरा जिंकला की दोन्ही हात मांड्यांखाली घ्या आणि पुढच्या चालीआधी त्याच्या सगळ्या शहांची यादी मनात करा. मग आपण वर असताना मोहऱ्यांची अदलाबदल करा, प्याद्यांची नको. मोहरे कमी झाले की त्याची खोडी काढायची ताकद संपते, प्यादी कमी झाली की तुमचा वजीर व्हायची आशा संपते. पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलंही गेलं नाही तर समोरचा बरोबरी मागू शकतो, म्हणून हत्तीची मात हाताला बसलेली असली पाहिजे.

आणि एक अगदी बारीक गोष्ट. प्यादं आठव्या ओळीवर पोचलं, पण पहिला वजीर अजून पटावर आहे आणि टेबलावर दुसरा वजीर नाही. गावाकडच्या स्पर्धांत हे सर्रास घडतं. अशा वेळी हत्ती उलटा ठेवून "हा वजीर" म्हणू नका, नियमाप्रमाणे उलटा हत्ती हत्तीच धरतात. घड्याळ थांबवा, हात वर करून पंचाला बोलवा आणि वजीर मागा. या कामासाठी घड्याळ थांबवायची तुम्हाला मुभा आहे. त्याहून बरं म्हणजे, प्यादं सहाव्या ओळीला लागलं की शेजारच्या संपलेल्या पटावरचा आपल्या रंगाचा वजीर पंचाला सांगून आधीच जवळ आणून ठेवायचा.